माहूरच्या डोंगरात, बेचाळीस वर्षांनी

ज्या घराण्यांची कुलदेवता माहूरची रेणुका आहे, त्या घराण्यांतील वाचकांस माहूरगडाची ओळख करून देण्याचे कारण नाही. लग्नानंतरचे दर्शन, मुलाचे जावळ, बोललेला नवस, अशा निमित्ताने एकदा तरी ते तेथे जाऊन आलेले असतात. आणि नांदेड, परभणी, लातूरकडील आम्हा देशस्थांत तर अशी घरे पुष्कळच. परंतु देवीच्या दर्शनाला गेलेला मनुष्य बहुधा डोंगर पाहत नाही. तो पायऱ्या मोजतो, विडा कुटवून घेतो, दत्तशिखर व अनसूया उरकतो आणि परतीच्या एस.टी.ची वेळ गाठतो. माहूर हे पैनगंगेच्या वळणात वसलेल्या, सागाच्या रानाने वेढलेल्या एका विस्तृत डोंगराळ मुलखाचे केवळ शिखर होय. आणि त्या मुलखात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरमाटी व दखनी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत, ही गोष्ट यात्रेकरूच्या ध्यानात येण्याचे काही प्रयोजनही नसते. माझ्या ध्यानात ती आली ती नोकरीमुळे.

मी मूळचा उदगीरकडचा. वडील भिक्षुकी करीत. त्यांच्याजवळ, आणि पुढे पाठशाळेत, रूपावली, समासचक्र, रघुवंशाचे काही सर्ग आणि अमरकोश एवढी शिदोरी मिळाली होती. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि १९७९ च्या जूनमध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, किनवट तालुक्यातील एका एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. माहूर त्या वेळी किनवट तालुक्यातच मोडत असे. त्याचा स्वतंत्र तालुका पुढे झाला. तीन वर्षे मी तेथे काढली. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा घराजवळ बदली मिळाली. आणि मग संसार, मुलांची शिक्षणे, १९९३ चा भूकंप, त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये भरविलेले वर्ग, शेवटी निवृत्ती, अशी एकामागून एक वर्षे निघून गेली. माहूरला जाणे झाले नाही. सौभाग्यवतींच्या माहेरचे कुलदैवत रेणुका असूनही झाले नाही, याचा उल्लेख त्या दर नवरात्रात न चुकता करीत आल्या आहेत.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत कन्या, जावई आणि अकरा वर्षांची नात अशी तिघे पुण्याहून आली. वसुबारसेपूर्वीचे तीन दिवस मोकळे होते. जावयांनी आपण होऊन मोटार काढली, आणि लातूरहून नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट अशा वाटेने आम्ही माहूरकडे निघालो.

तेव्हाचा प्रवास आणि आताचा प्रवास यांची तुलना हा म्हाताऱ्यांचा आवडता आणि ऐकणाऱ्यांचा नावडता विषय असल्यामुळे मी तो थोडक्यात आटोपतो. नांदेडहून किनवटला त्या वेळी मीटरगेजची गाडी जात असे. मुदखेडला फाटा घेऊन ती आदिलाबादच्या मार्गाला लागली आणि हिमायतनगर मागे पडले, म्हणजे खिडकीतून रान दिसू लागे. उदगीर-लातूरकडील बालाघाटाच्या उघड्याबोडक्या माळांवर वाढलेल्या मला एवढी झाडे एका ठिकाणी पाहण्याची सवय नव्हती. किनवटला उतरावयाचे, माहूरच्या सडकेने एस.टी.तून अर्ध्या वाटेपर्यंत जावयाचे, आणि तेथून वळकटी डोक्यावर घेऊन दीड कोस पायी. आता ती रेल्वे ब्रॉडगेज झाली आहे, आणि तो दीड कोसही डांबरी आहे. साग आहे, पण पूर्वी रस्त्यापर्यंत येत असलेले रान आता मागे सरले असून मध्ये कापसाची शेते आली आहेत.

वाटेत सहस्रकुंड पाहिले. काळ्या फत्तराच्या कड्यावरून पैनगंगा अनेक धारांनी खाली कोसळते, तिचे तुषार काठावरच्या माणसांच्या अंगावर येतात. पावसाळा चांगला झाल्यामुळे पाणी भरपूर होते. नातीने पुष्कळ छायाचित्रे काढली. तिने विचारले, "आजोबा, ही रिव्हर कुठे जाते?" मी सांगितले की ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे नांदेडच्या घाटावरून वाहत गेलेले पाणी आणि हे पाणी डोंगरांना वळसा घालून तेलंगणात पुन्हा एकत्र येते. तिला हे आवडले असावे. कारण तिने ते पुन्हा एकदा म्हणावयास लावले.

हे डोंगर कोणते, हा प्रश्न मला तरुणपणी फार छळीत असे. माहूरच्या क्षेत्रोपाध्यायांना विचारावे तर सह्याद्री. आणि त्यांना शास्त्राधार आहे. रेणुकामाहात्म्य स्कंदपुराणाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात येते. पण शाळेच्या नकाशात सह्याद्री तेथून चारशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेस, कोकणाच्या डोक्यावर! सकाळी मुलांना एक सांगावे आणि पौर्णिमेला देवळात संकल्पात दुसरे ऐकावे, अशी माझी अवस्था होती. भूगोलाप्रमाणे पाहिले तर अजिंठा-सातमाळ्याची रांग पूर्वेकडे येत येत या भागात निर्मळच्या डोंगरांत मिसळते. गोदावरीच्या उत्तरेस हे डोंगर आणि दक्षिणेस आमचा बालाघाट. परंतु पुराणकारांना नकाशा काढावयाचा नव्हता. परशुराम ज्या ज्या डोंगरावर गेला, तो तो त्यांच्या लेखी सह्याद्री. आज मला त्यात विसंगती वाटत नाही, याचे कारण कदाचित एवढेच की आता मला परीक्षेचे पेपर तपासावयाचे नाहीत.

राजकीय नकाशा तर याहून चंचल. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड म्हणजे १९४७ पर्यंत इंग्रजी अंमल आणि अलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, अशी स्थिती होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात पैलतीरावरच्या उमरखेडास लढ्याचे सीमेवरील केंद्र होते. किनवट तालुका तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. मी शिक्षक म्हणून गेलो तेव्हा गावातील वृद्ध माणसे 'जिल्ह्याला जाऊन येतो' असे म्हणत ते आदिलाबादला उद्देशून. आणि त्यांच्याजवळ जपून ठेवलेले जमिनीचे जुने कागद उर्दूत होते. ते वाचून दाखविणारा एकच मनुष्य पंचक्रोशीत उरला होता.

माहूरला संध्याकाळी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शनाला निघालो. पायऱ्या दोनअडीचशे असतील. मोटार तळापर्यंत जाते. माझ्या वेळी पायथ्याच्या गावापासून पायवाटेने चढावे लागे आणि ज्यांचे गुडघे दुखत, त्यांनी घरूनच नमस्कार करावा, असा रिवाज होता. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. त्या दर वीस पायऱ्यांना बसत होत्या. मी पुढे जाऊन वाट पाहू लागलो की म्हणत, "अहो, येथे शर्यत लावली आहे का?" कन्या पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याबरोबर राहिली. दीड तास लागला. वर पोहोचल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे न पाहता सरळ गाभाऱ्याकडे गेल्या.

रेणुकेची मूर्ती म्हणजे केवळ मुखवटा, शेंदराने माखलेला, पुरुषभर उंचीचा भव्य तांदळा. कथा प्रसिद्धच आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केल्यावर परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचे शव आणि दुसऱ्यात मातेला घेऊन कोरी भूमी शोधीत येथे आला. दत्तात्रेयांनी आचार्यत्व केले, रेणुका सती गेली. पुढे मातेच्या आठवणीने तो शोक करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली की, तुझी आई भूमीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही. त्याने पाहिले, आणि मुख वर आले तेवढेच राहिले. ही कथा मी नातीला पायऱ्यांवर सांगितली होती. ती गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याने थोडं थांबायला हवं होतं." बाहेर विड्याची पाने दगडी खलात कुटण्याचा ठक् ठक् आवाज चालू होता. तांबूल हा येथील मुख्य प्रसाद. सौभाग्यवतींनी तो डब्यात घालून घेतला. लातूरला शेजारच्या सात घरांत वाटावयाचा होता.

आमच्या पुढे रांगेत तेलंगणातले एक मोठे कुटुंब होते. ती माणसे देवीला एल्लम्मा म्हणत होती. रेणुका आणि यल्लम्मा ही एकच, हे कर्नाटकाच्या सीमेवर वाढलेल्या आम्हा उदगीरकरांना नवे नाही. माहूर या नावाची तेथे सांगितली जाणारी उपपत्तीही तशीच दोन भाषांची आहे: पुराणातले मातापूर, आणि 'ऊर' म्हणजे तेलुगू-कानडीत गाव; तेव्हा आईचे गाव ते मा-ऊर. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला कितपत मानवेल ती मानवो. परंतु आमच्या लातूरचे नाव ज्यावरून आले ते लत्तलूर, जे राष्ट्रकूट आपले मूळ ठिकाण म्हणून अभिमानाने सांगत, त्याच्याही शेवटी हेच 'ऊर' बसलेले आहे. मराठवाड्यातील मनुष्याने आपल्या गावाचे नाव उच्चारले तरी त्याच्या तोंडी अर्धा शब्द शेजाऱ्याचा असतो.

गडाविषयी फार लिहीत नाही. रामगड नावाचा हा किल्ला आता बराच ढासळला आहे. शहाजहान बादशहा शहाजादा असताना बापाविरुद्ध बंड करून फिरत होता, त्या काळात माहूरचा आणि येथील उदाराम देशमुखांचा संबंध इतिहासात येतो. त्याच घराण्यातील रायबागन ही शूर स्त्री १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने होती, आणि शिवाजी महाराजांना शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला कारतलबखानास तिने दिला, असे सांगतात. जावयांना हे सर्व ठाऊक होते. दत्तशिखरावरही मोटारीनेच गेलो. दत्तप्रभू काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि माहुरास निद्रा करतात, ही श्रद्धा आहे. त्यामुळे तेथे मोठ्याने बोलू नये असे मी नातीला सांगितले, आणि ती खरोखरच अर्धा तास कुजबुजत राहिली.

दुपारी जेवून, आमच्या शाळेच्या वाटेला लागलो.

तेथे जाण्यापूर्वी शाळा म्हणजे काय होते, ते सांगणे अवश्य आहे. डोंगराच्या कुशीत कोलामांचे एक पोड, ओढ्यापलीकडे गोंडांचा गुडा, आणि खालच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा, अशा तिन्ही वस्त्यांना मिळून ती एक शाळा. कुडाच्या भिंती, वर गवत. पटावर चौतीस मुले. पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'पर्वत' हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. कोणी बोलेना. दारातून समोर डोंगर दिसत होता, त्याकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा गोंडांची मुले म्हणाली, "मेट्टा." कोलामांची मुले आणखी काही म्हणाली, तांड्यावरची आणखी वेगळे. मराठी ही माझी मातृभाषा त्या खोलीत केवळ माझी होती.

मी कोणालाही त्याच्या बोलीबद्दल रागे भरलो नाही. उलट एक वही केली आणि तिघांचे शब्द लिहून घेऊ लागलो. यात उदारपणा नव्हता. एकटा राहणारा वीस वर्षांचा मनुष्य संध्याकाळी दुसरे काय करणार? एके दिवशी मुलांबरोबर ओढ्यावर गेलो असता गोंडांचा एक पोरगा पाण्याकडे बोट दाखवून ओरडला, "मीन, मीन!" मी चमकलो. या मुलाला अमरकोश कोणी शिकविला? नंतर कळले की गोंडीत माशाला मीनच म्हणतात. मग पाणी. कोलामीत ईर, गोंडीत येर. आमच्या उदगीरकडचा कानडी मनुष्य नीरु म्हणतो. आणि माझ्या पाठशाळेत नीर! संस्कृतातील 'मीन' आणि 'नीर' हे शब्द मूळचे द्राविड भाषांतून आलेले असावेत, असे थॉमस बरो यांच्यासारख्या भाषापंडितांनी म्हटले आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या वेळी मी वडिलांना मोठ्या उत्साहाने चार पानी पत्र लिहिले. उत्तर आले: "शब्दांचे वाचले. उकळलेले पाणी पीत जावे. त्या भागात हिवताप असतो." तो मला दोनदा झालाही. दुसऱ्या खेपेस पोडाच्या नाइकाने आपल्या घरी नेऊन आठ दिवस ठेवून घेतले, आणि त्याची बायको मला ज्वारीची आंबील पाजीत असे. तिचा धाकटा मुलगा माझ्या दुसरीच्या वर्गात होता.

येथे एका मोठ्या मनुष्याचे स्मरण करणे मला कर्तव्य वाटते. कोलामी ही गोंडीची पोटभाषा नव्हे, ती द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. तिचे व्याकरण १९५० साली हैदराबादेस प्रसिद्ध झाले, ते लिहिणारे गृहस्थ म्हणजे आमच्या निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. महाराष्ट्र त्यांना शिवकालाचे आणि मोगल कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबाद जिल्ह्यात त्यांचा आदिवासींशी संबंध आला, आणि हा उर्दू-फारसीचा जाणकार अधिकारी गोंड व कोलामांच्या भाषा शिकला. गोंडीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. अमेरिकेतील एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ चा. आमचे पगडी त्याच्या पाच वर्षे आधीचे.

त्याही पूर्वीची हकीकत दुःखाची आहे. रानावरचा हक्क आणि सरकारी जाच यांवरून १९४० साली आदिलाबादेत कोमराम भीम याने गोंडांना उठविले, आणि जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे साथीदार मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने कारणे शोधण्याचे काम हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे दिले. त्यांच्या खटपटीने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि मुलांसाठी गोंडी भाषेतील पहिली पुस्तके छापली गेली ती देवनागरीत. मूल प्रथम आपल्या भाषेत वाचील, ही गोष्ट या डोंगरात ऐंशी वर्षांपूर्वी करून पाहिलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा लिहिलेली वाचली, तेव्हा मला मारलवाई आठवले.

असो. मोटार थेट पोडापर्यंत गेली. शाळा आता पक्क्या स्लॅबची आहे, भिंतींवर रंगीत चित्रे, छतावर सौर तावदाने. सुट्टीमुळे कुलूप होते. पट चौदा आहे आणि पाचवीपासूनची मुले आश्रमशाळेत जातात, असे कळले. मी ओट्यावर उभा असता एक पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ जवळ आला, थोडा वेळ न्याहाळीत राहिला आणि वाकून पाया पडला. नाइकाचा तो धाकटा मुलगा. मी ओळखले नसते. त्याने मला ओळखले ते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, उभे राहताना हात मागे बांधण्याच्या सवयीवरून.

घरी नेले. बाज टाकली. नातीला तहान लागली होती; ती आईला इंग्रजीतून 'वॉटर' म्हणाली. कोपऱ्यात बसलेली एक अतिवृद्ध बाई उठली, तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढे धरून म्हणाली, "ईर." ती आंबील पाजणारी माउली अजून हयात होती! तिला कमी दिसते. माझे नाव तिला सांगितल्यावर ती कोलामीत बरेच काही बोलली. मला त्यातील दोनतीन शब्दच लागले. मुलगा मराठी करून सांगत होता: "आई म्हणते, ह्याला ताप यायचा." तेवढ्यात त्याची दहाबारा वर्षांची नात चहा घेऊन आली. म्हातारी तिला काही म्हणाली. पोरीने शुद्ध मराठीत उत्तर दिले. म्हातारीचे तिला कळत होते, पण बोलता येत नव्हते, असे तिच्या आजोबांनीच सांगितले. "आमच्यापर्यंत कोलामी होती, गुरुजी. पोरांना समजते. बोलत नाहीत."

मला वाईट वाटले आणि मी ते बोलून दाखविले. बोली टिकली पाहिजे, पोरांशी घरात कोलामीच बोलावे, वगैरे जे कोणीही सुशिक्षित मनुष्य म्हणेल ते मी म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग आत जाऊन एक पत्र्याची पेटी आणली आणि तीतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढून माझ्या हातात दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला जमिनीचा पट्टा होता. "हा अर्ज मी स्वतः लिहिला," तो म्हणाला. "किनवटला प्रकल्प कार्यालयात चौदा खेपा केल्या. प्रत्येक कागद वाचून सही केली. गुडा, पोड मिळून अकरा जणांचे अर्ज मी भरले. बापाजवळ निजामाचा कागद होता, तो उर्दूत. त्याला वाचता आला नाही, जमीन गेली. तुम्ही मराठी शिकवली म्हणून माझी राहिली." आणि थोडे थांबून, "कोलामीत अर्ज घेतात का कुठे?"

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख आहेत. कोलामी सांगणारे सव्वा लाखाहून थोडे अधिक. कोलाम हे महाराष्ट्रातील त्या तीन जमातींपैकी आहेत, ज्यांना सरकार आदिवासींतही विशेष दुर्बल मानते. ज्याला आधी जमीन टिकवावयाची आहे, त्याला भाषा टिकविण्याचा उपदेश करण्यापूर्वी मनुष्याने स्वतःच्या घरात पाहावे. परतताना मोटारीत मी नातीला म्हटले की त्या आजींचे वय एकोणऐंशी असेल. तिने विचारले, "एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी-नाइन की एटी-नाइन?" कन्येने माझ्याकडे न पाहता उत्तर देऊन टाकले.

परंतु त्यापूर्वी संध्याकाळी दंडारी आली, ते सांगावयाचे राहिले. दिवाळीच्या आधीच्या या दिवसांत गोंडांचे नाचणारे जथे एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते, आणि या येण्याजाण्यात पुढच्या सोयरिकीही जुळतात. ओढ्यापलीकडच्या गुड्यात पाहुणा जथा उतरला होता. आमचे यजमान आम्हाला घेऊन गेले. घुसाडींच्या डोक्यावर मोरपिसांचे प्रचंड टोप, अंगाला राख, गळ्यात माळांचे ओझे, हातात दंड. ढोल सुरू झाला की अंगण हलते. तरुणपणी मी हे तीन दिवाळ्या पाहिले होते, आणि घुसाडी कमी झाले असतील, अशी माझी समजूत होती. उलट सोळासतरा वर्षांची मुले पुष्कळ होती. मारलवाईच्या कनकराजूंना या नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली; २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच ते वारले. गुड्यातल्या लोकांच्या बोलण्यात त्यांचे नाव होते. दंडारीची गाणी गोंडीतच होती. यजमानांची नात, जिला घरात कोलामी बोलता येत नव्हते, ती त्या गाण्यांचे धृपद गोंड पोरींबरोबर मोठ्याने म्हणत होती. आणि थोड्या वेळाने माझी नातही, एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसता, तिच्या शेजारी उभी राहून म्हणू लागली. सौभाग्यवतींनी घुसाडींना पैसे दिले आणि नमस्कार केला. त्यांच्या हिशेबी तेही देवाचेच लोक होते.

दुसऱ्या दिवशी धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडून, महागाव, उमरखेड, हदगाव या मोठ्या रस्त्याने आम्ही नांदेडला आणि तेथून लातूरला आलो. निघताना यजमानांनी एक मागणी केली होती. आपल्या भाषेवर निलंग्याच्या मनुष्याने पुस्तक लिहिले आहे, हे मी सांगितल्यावर ते त्याला पाहावयाचे होते. ते इंग्रजीत आहे, हे ऐकून तो हसला.

माझी जुनी वही १९९३ च्या भूकंपात घराच्या मागच्या भिंतीखाली गेली, ती मिळाली नाही. पगडींच्या पुस्तकाची छायाप्रत मात्र एका स्नेह्याने मिळवून दिली आहे. दिवाळी संपल्यापासून रोज सकाळी दोन तास बसून त्यातील कोलामी शब्द मी देवनागरीत उतरवून पुढे मराठी अर्थ लिहितो आहे. दोनशे दहा झाले. कित्येक ठिकाणी उच्चार नीट कळत नाही, विशेषतः ऱ्हस्व-दीर्घ. ते त्या माउलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय ठरवावयाचे नाही, असे योजिले आहे. फोनवर तिला ऐकू येत नाही. माघात थंडी ओसरली म्हणजे रेल्वेने किनवटला जावे, असे ठरत आहे. सौभाग्यवतींना एक साडी द्यावयाची आहे. नातीनेही कळविले आहे की शाळेला सुट्टी मिळाली तर ती येईल, आणि आजींच्या तोंडचे शब्द ती आपल्या फोनमध्ये भरून घेईल.